आपण नक्की कोठले रहिवासी?

(रविवारच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



या सभेसाठी मी नेहमीप्रमाणे आरोग्याविषयी बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले होते. रक्तदाब, मधुमेह आणि गुडघे या तीन विषयांवर मी याच सभागृहात इतक्या वेळा बोलले आहे, की माझे भाषण आता आपणच मला म्हणून दाखवाल. म्हणून यंदा विषय मीच बदलून मागितला. त्याला कारणही तसेच घडले. गेल्या दोन वर्षांत आपल्यातील निदान पाच-सहा जणींनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला: “सिस्टर, आमचे हे गेले. मुलगा न्यू जर्सीला ये म्हणतो. क्वीन्सचे घर तसेच राहू द्यावे म्हणते. कराचे काही अडत नाही ना?”

अडते. माझे अडले होते, म्हणूनच बोलते आहे. मी वकील नाही, हिशेबनीसही नाही. मुंबईत परिचर्येची पदविका घेतली आणि पुढची सारी नोकरी न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत पाळ्या करण्यात गेली. या विषयाचे पांडित्य माझ्यापाशी नाही. स्वतः केलेली एक चूक आहे आणि तिच्यापायी भरलेल्या पैशांची पावती आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण भारतातून आलो तेव्हा आयकर म्हणजे दिल्लीचा आणि घरपट्टी म्हणजे महानगरपालिकेची, एवढेच गणित आपल्याला ठाऊक होते. राज्य सरकारने पगारावर निराळा आयकर बसवावा, ही कल्पनाच आपल्याला नव्हती. येथे तसे नाही. वॉशिंग्टनचा आयकर एक, राज्याचा दुसरा, आणि न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्यांना शहराचा तिसरा. हा तिसरा कर राज्याच्याच विवरणपत्रात, म्हणजे आयटी-२०१ मध्ये, भरला जात असल्यामुळे पुष्कळांना तो निराळा कर आहे हे आयुष्यभर कळतही नाही. त्याचा दर ३.०७८ टक्क्यांपासून ३.८७६ टक्क्यांपर्यंत आहे. न्यू जर्सीत राज्याचा आयकर आहे, परंतु गावांना व शहरांना रहिवाशांच्या उत्पन्नावर कर नाही. तेथे सारा भार घरपट्टीवर पडतो.

विक्रीकराचा उल्लेख येथेच उरकून घेते. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. किराणा जिन्नस व औषधे दोन्हीकडे मुक्त आहेत. कपडे न्यू जर्सीत पूर्णपणे मुक्त आणि न्यूयॉर्कमध्ये नग ११० डॉलरच्या आत असेल तर मुक्त. विक्रीकर आपला पत्ता विचारीत नाही. आयकर मात्र दुसरे काही विचारण्यापूर्वी तोच विचारतो. सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

माझे यजमान २०१६ साली वारले. त्यानंतर सहा महिन्यांनी मी एडिसनला मुलीकडे राहावयास गेले. वाहन-परवाना न्यू जर्सीचा काढला, मतदारयादीत नाव तेथे घातले, बँकेला पत्ता कळविला. क्वीन्सचे घर मात्र मोडवले नाही. दारावरचा मझुझा यजमानांनी स्वतः लावलेला, शेजार पस्तीस वर्षांचा, आणि आपले सिनेगॉग तेथून जवळ. दर शुक्रवारी दुपारी मुलगी मला सोडावयाची, आणि रविवारी सकाळी न्याहारी करून मी परत जावयाची. मी न्यू जर्सीत रहिवासी म्हणून विवरणपत्र भरले. न्यूयॉर्कमध्ये काहीच भरले नाही. तेथे माझी नोकरी नव्हती, मग भरावयाचे कशाला, असा माझा सरळ विचार होता. पुढे २०२१ साली न्यूयॉर्क राज्याच्या करखात्याचे पत्र आले. २०१८ साली आपण न्यूयॉर्कच्या रहिवासी नव्हता हे दाखवून द्यावे, असा त्याचा आशय होता.

न्यूयॉर्कचा कायदा माणसाला दोन वाटांनी रहिवासी ठरवितो. पहिली वाट अधिवासाची; आपल्याकडे मुलांच्या कॉलेजप्रवेशाला डोमिसाइलचा दाखला लागे, तोच हा शब्द. ज्या ठिकाणाला मनुष्य आपले कायमचे घर मानतो, बाहेर गेला तरी जेथे परतावयाचे असा त्याचा हेतू असतो, तो त्याचा अधिवास. घरे कितीही असोत, अधिवास एका वेळी एकच असतो. जुना अधिवास सोडून नवा धरल्याचे सिद्ध होईपर्यंत जुनाच कायम राहतो, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी बदल झाला म्हणणाऱ्यावर असते. तुम्ही काय म्हणता याला फारसे महत्त्व नाही. अधिकारी दोन्ही घरे ताडून पाहतो, व्यवसाय कोठे आहे ते पाहतो, वेळ कोठे जातो ते पाहतो, कुटुंबीय कोठे आहेत ते पाहतो, आणि जिवापाड जपलेल्या वस्तू कोठे ठेवल्या आहेत तेही पाहतो. हा शेवटचा निकष मला फार मार्मिक वाटला. लग्नातले फोटो आणि आजीची चांदीची भांडी ज्या कपाटात, ते माणसाचे घर, हे करखात्यालाही ठाऊक आहे.

दुसरी वाट दिवसांची. अधिवास खरोखर दुसऱ्या राज्यात असला, तरी न्यूयॉर्कमध्ये तुम्ही कायमस्वरूपी राहते घर बाळगले आणि त्या वर्षात १८३ पेक्षा अधिक दिवस त्या राज्यात काढले, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही न्यूयॉर्कचे रहिवासी होता. घर वर्षाचा बहुतेक काळ बाळगलेले असावे लागते. पूर्वी खाते अकरा महिन्यांहून अधिक असा त्याचा अर्थ लावीत असे, २०२२ पासून दहा महिन्यांहून अधिक असा लावते. शहराच्या कराला हाच नियम शहरापुरता लागू होतो. या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. नुसते घर पुरत नाही, नुसते दिवसही पुरत नाहीत. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

आता दिवस मोजावयाचा कसा? मला वाटले होते की रात्र काढली तर दिवस. तसे नाही. दिवसाचा कोणताही भाग राज्यात गेला, तरी तो पूर्ण दिवस धरला जातो. रात्रपाळीची परिचारिका न्यू जर्सीहून साडेदहाला पूल ओलांडून आली आणि सकाळी आठला परत गेली, तर पाळी एक, दिवस दोन. केवळ विमान किंवा गाडी बदलण्यासाठी राज्यातून जाणे मोजत नाहीत. बाकी कामासाठी आलात की लग्नासाठी, हे कोणी पाहत नाही.

मी कागद घेऊन बसले. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस प्रत्येक शब्बाथाचे. त्या वर्षी चव्वेचाळीस शब्बाथ मी येथे होते: १३२ दिवस. तिश्रीचे सण, वल्हांडण आणि एक मलिदा मिळून शब्बाथांव्यतिरिक्त १९. जुने डॉक्टर, दात आणि डोळे यांसाठी १४. त्याच वर्षी फ्लोरिडाहून आलेली माझी नणंद मॅनहॅटनच्या एका रुग्णालयात दाखल झाली आणि मी तिच्या उशाशी बसले, ते २६. बेरीज १९१.

यात एक गंमत आहे, आणि परिचारिका म्हणून ती मला सांगितल्यावाचून राहवत नाही. उपचारांसाठी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे दिवस या मोजणीत धरीत नाहीत. म्हणजे खाटेवर पडलेल्या नणंदेचे २६ दिवस शून्य, आणि खाटेशेजारच्या खुर्चीवर बसलेल्या भावजयीचे २६ दिवस सव्वीस! बाह्यरुग्ण म्हणून तपासणीला आलेल्याला मात्र ही सूट नाही. माझे १४ दिवस त्यामुळेच धरले गेले.

पुराव्याचा भारही आपल्यावरच. पुलावरच्या ई-झेड-पासच्या नोंदी, दूरध्वनीची बिले, बँकेच्या कार्डावरील खरेदी, डॉक्टरांच्या भेटी, हे सारे खाते मागू शकते. ज्या दिवसाचा पुरावा नाही, तो न्यूयॉर्कमध्येच गेला असे धरले जाण्याची शक्यता मोठी. आम्हाला परिचर्याशाळेत पहिल्या वर्षी शिकविले होते, की दिलेल्या औषधाची नोंद तक्त्यावर नसेल तर ते औषध दिलेच नाही असे समजावे. सारे आयुष्य रुग्णांचे तक्ते लिहिण्यात गेले. स्वतःचा तक्ता मात्र लिहिला नाही.

आणखी एक गोष्ट मला पत्र येईपर्यंत ठाऊक नव्हती. विवरणपत्र भरले असेल, तर खात्याला फेरतपासणीसाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. विवरणपत्र भरलेच नसेल, तर ती मुदत सुरूच होत नाही. “काही भरले नाही म्हणजे काही लफडे नाही” हा माझा हिशेब नेमका उलटा होता.

पैशांचे म्हणाल तर सोशल सिक्युरिटीवर न्यूयॉर्क कर घेत नाही आणि न्यू जर्सीही घेत नाही. ज्यांनी शहराच्या वा राज्याच्या सरकारी रुग्णालयात नोकरी करून तेथले निवृत्तिवेतन मिळविले, त्यांचे ते वेतन न्यूयॉर्कच्या आयकरातून संपूर्ण मुक्त आहे. खासगी रुग्णालयाचे निवृत्तिवेतन वयाच्या साडेएकोणसाठाव्या वर्षानंतर २०,००० डॉलरपर्यंत मुक्त. माझे त्यातच बसत होते. अडले ते यजमानांच्या निवृत्तिखात्यातून काढलेल्या रकमेवर आणि ठेवींच्या व्याजावर. एक राज्य दुसऱ्या राज्याने घेतलेल्या कराची वजावट देते ती पगार, धंदा, घरभाडे अशा उत्पन्नांपुरती, म्हणजे ज्यांची मुळे त्या दुसऱ्या राज्यात आहेत त्यांच्यापुरती. बँकेच्या व्याजाला गाव नसते. न्यू जर्सी म्हणाले, तुमचा अधिवास आमच्याकडे. न्यूयॉर्क म्हणाले, तुमचे दिवस आमच्याकडे. आणि एकाच व्याजावर दोघांनीही कर घेतला. शहराने आपला वाटा घेतला तो निराळाच.

मुंबईच्या ठेवींची गोष्ट तर याहून कडू. आपल्यातील अनेकांच्या ठेवी तेथे आहेत, कोणाचे ठाण्याला घर भाड्याने दिलेले आहे, कोणाची अलिबागेकडे वाडी आहे. येथील रहिवाशाला जगभरच्या उत्पन्नावर कर लागतो. भारतात भरलेल्या कराची वजावट वॉशिंग्टन देते. परंतु न्यूयॉर्क राज्य अशी वजावट अमेरिकेतील इतर राज्ये आणि कॅनडाचे प्रांत यांच्या करांपुरतीच देते. भारत किंवा इस्रायल यांना भरलेला कर राज्याच्या हिशेबात धरला जात नाही. एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त असते, म्हणून ते येथेही सांगावे लागत नाही अशी समजूत आपल्यात पसरलेली आहे. ती चुकीची आहे. ते व्याज येथे दाखवावे लागते, वॉशिंग्टनलाही आणि राज्यालाही.

माझ्या हिशेबनिसाने विचारले, की अपील करावयाचे काय? १९१ दिवस माझ्याच हाताने मोजलेले. अपील कशावर करणार? कर व व्याज मिळून चार आकडी रक्कम भरली. दंड त्यांनी विनंतीवरून माफ केला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

याची दुसरी बाजूही सांगते, म्हणजे मी केवळ घाबरवते आहे असे वाटणार नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थांचा स्टेटन आयलंडवर धंदा होता. तेथेच त्यांनी एक इमारत घेतली आणि तीत आपल्या आईवडिलांना ठेवले. धंद्यामुळे दिवस १८३ च्या वर जात; खात्याने त्यांना न्यूयॉर्कचे रहिवासी ठरविले. खटला कोर्ट ऑफ अपील्सपर्यंत गेला. (या राज्यात सर्वोच्च न्यायालय ते; सुप्रीम कोर्ट नावाचे न्यायालय त्याच्या खालचे. नावांवर जाऊ नये.) २०१४ साली निकाल लागला, की घर केवळ मालकीचे असून भागत नाही, त्या मनुष्याचा स्वतः राहण्याशी त्या घराचा संबंध असला पाहिजे. आपल्या मुलांपैकी कित्येकांनी आईवडिलांसाठी येथे घरे घेऊन दिली आहेत. त्यांनी हा निकाल आपल्या सल्लागाराच्या कानावर घालावा.

जे खरोखर आणि पूर्णपणे राज्य सोडून जातात, त्यांना संरक्षणही आहे. १९९६ पासून देशाचा कायदा असा आहे, की सोडून गेलेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनावर जुन्या राज्याला कर लावता येत नाही. चाळीस वर्षे न्यूयॉर्कमध्ये कमावलेले निवृत्तिवेतन एडिसनला किंवा फ्लोरिडाला नेले, तर न्यूयॉर्कचा त्यावर हक्क राहत नाही. न्यू जर्सीत बासष्ट वर्षांवरील एकट्या व्यक्तीला, एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरच्या आत असेल, तर निवृत्तिवेतनाचे ७५,००० डॉलरपर्यंत वगळता येतात.

नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींसाठी एवढेच सांगते. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनमध्ये काम केले तर पगारावर न्यूयॉर्क राज्याचा कर लागतो, न्यू जर्सी त्याची वजावट देते, आणि शहराचा कर १९९९ च्या जुलैपासून बाहेरून येणाऱ्यांना नाही. घरून काम केले म्हणून न्यूयॉर्कचा कर चुकतो असे मात्र धरून चालू नका. घरून काम करणे ही केवळ तुमची सोय असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरतात.

आता घरपट्टी. न्यू जर्सीत घरपट्टीची सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास आहे आणि तिचा जवळजवळ निम्मा भाग शाळांना जातो. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेला हप्ते भरावे लागतात. क्वीन्सच्या सहकारी गृहसंस्थांत ती मासिक देखभाल खर्चातच मिसळलेली असते. म्हणून आपण घरपट्टी भरतच नाही, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. आपण सगळेच भरतो, भाडेकरूसुद्धा भाड्यातून भरतो.

वृद्धांसाठी सवलती दोन्ही राज्यांत आहेत, पण त्या मागितल्यावाचून मिळत नाहीत. न्यूयॉर्क शहरात ६५ वर्षांवरील घरमालकास, उत्पन्न ५८,३९९ डॉलरपर्यंत असल्यास, सीनियर सिटिझन होमओनर्स एक्झेम्प्शनखाली घरपट्टीत निम्म्यापर्यंत सूट मिळू शकते. सहकारी संस्थेतील सभासदासही. जुलैपासून ती हवी असल्यास अर्ज १५ मार्चपर्यंत गेला पाहिजे. शाळांच्या करावरील एन्हान्स्ड स्टार निराळी. भाडेकरूंसाठी ‘स्क्री’ नावाची योजना आहे: वय ६२, घरातील एकूण उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत, भाडे मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक, आणि घर भाडे-नियंत्रणाखालचे. मंजुरी मिळाली की भाडे गोठते आणि वाढीचा भार शहर घरमालकाच्या घरपट्टीतून वळता करून घेते. आपल्यातील एका आजींना हे कळले ते वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. एकोणीस वर्षे भाडेवाढ भरत होत्या! न्यू जर्सीत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अँकर, सीनियर फ्रीझ आणि स्टे एनजे या तिन्ही सवलतींसाठी पीएएस-१ हा एकच अर्ज करावयाचा असतो. या योजनांच्या रकमा व उत्पन्नाच्या मर्यादा बदलत राहतात, म्हणून त्या मी मुद्दामच सांगत नाही. त्या वर्षीचा अर्ज पाहावा.

येथे एक सावधगिरी. या सवलती बहुतेक मुख्य राहत्या घरावरच मिळतात. क्वीन्सच्या घरावर एन्हान्स्ड स्टार घ्यावयाची आणि करखात्याला मात्र “मी न्यू जर्सीची” म्हणून लिहावयाचे, हे दोन दगडांवर पाय ठेवणे झाले. तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

वारशाविषयीही अधिवासाचा विचार करावा, विशेषतः ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी. आपल्या पिढीत अविवाहित राहिलेल्या परिचारिका थोड्या नाहीत. न्यू जर्सीत पती, पत्नी व मुले यांना वारसाकर नाही. परंतु बहीण-भावाला पहिल्या २५,००० डॉलरनंतर ११ टक्क्यांपासून आणि भाच्या-पुतण्यांना १५ टक्क्यांपासून तो लागतो. न्यूयॉर्कमध्ये असा वारसाकर नाही. मृताच्या एकूण मालमत्तेवरचा कर आहे, पण तो फार मोठ्या मालमत्तांनाच लागतो. ठाण्याच्या बहिणीच्या नावे मृत्युपत्र करून ठेवलेली एखादी सिस्टर भाचीजवळ राहावे म्हणून एडिसनला गेली, तर तिच्या बहिणीच्या वाट्याला काय येईल, हे सामान बांधण्यापूर्वी विचारून घ्यावे.

विचारावयाचे कोणाला? फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत एएआरपीच्या टॅक्स-एडचे स्वयंसेवक विनामूल्य विवरणपत्रे भरून देतात. साध्या प्रकरणाला ते पुरेसे आहेत. वर्षाच्या मध्ये राज्य बदलले असेल किंवा दोन राज्यांत दोन घरे असतील, तर मात्र पैसे देऊन जाणत्या हिशेबनिसाकडे जावे. त्याने दिवसांविषयी एकही प्रश्न विचारला नाही, तर दुसरा शोधावा. माझ्या पहिल्या हिशेबनिसाने विचारला नव्हता.

राहता राहिले माझे घर. २०२२ साली मी ते विकले. मझुझा उतरवून मुलीच्या दाराला लावला. आता मी शुक्रवारी येते तेव्हा एका मैत्रिणीकडे उतरते. तिच्या दिवाणखान्यातील सोफ्यावर माझा हक्क नाही, उशी मात्र माझी आहे. न्यूयॉर्कमध्ये माझे स्वतःचे राहते घर नसल्यामुळे दिवस कितीही झाले तरी दुसरी वाट मला लागू होत नाही. तरीही तारखांची वही ठेवते. आजची तारीख सकाळीच लिहिली आहे. ज्यांना त्या वहीचा नमुना हवा असेल, त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावा. मी वीस प्रती आणल्या आहेत. आणि मार्चच्या मुदतीपूर्वी ज्यांना अर्ज भरावयाचे आहेत, त्यांनी पुढच्या रविवारी गेल्या वर्षीचे विवरणपत्र आणि आपला चष्मा, दोन्ही घेऊन यावे.